गोंद कोणता, रंग कोणता? प्लॅस्टिकच्या मॉडेलवरून संशोधनाचा प्रश्न मांडायला शिकू



पेट पास झाली की खरी परीक्षा मुलाखतीत होते. "तुमचा संशोधन-प्रश्न काय?" असं विचारलं की आपल्यातले बरेच जण विषय सांगतात, प्रश्न सांगत नाहीत. "मला पॉलिमर कोटिंगवर काम करायचंय" हा विषय झाला. प्रश्न म्हटलं की त्यात काय बदलायचं, काय मोजायचं आणि उत्तर चुकीचं ठरलं तर ते कसं कळेल, हे तिन्ही यायला हवं.

हे नुसतं व्याख्या देऊन समजत नाही. म्हणून आज एक साधा, दुकानात विचारला जाणारा प्रश्न घेऊ: प्लॅस्टिकचं स्केल मॉडेल जोडायला कोणता गोंद चांगला आणि रंगवायला कोणता रंग चांगला? मी स्वतः पॉलिमरवर काम करते, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा. शिवाय गोंद आणि रंग यांची निवड चुकली तर काय होतं, याचं फार मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. तिकडे शेवटी जाऊच. आधी मॉडेल.

स्केल मॉडेल म्हणजे काय

खऱ्या वस्तूची ठरलेल्या प्रमाणातली लहान प्रतिकृती. १/७२ प्रमाण म्हणजे खऱ्या वस्तूवरचे ७२ सेंटिमीटर मॉडेलवर १ सेंटिमीटर. उदाहरणार्थ मिग-२१. नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या कारखान्यात ही विमानं तयार झाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाली. जवळपास साडेचौदा मीटर लांबीचं हे विमान १/७२ मध्ये साधारण २० सेंटिमीटरचं होतं. खोक्यात त्याचे सुटे भाग प्लॅस्टिकच्या एका चौकटीला जोडलेले येतात. त्या चौकटीला स्प्रू म्हणतात. भाग कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे.

आता प्रमाणाचा एक हिशेब इथेच करून ठेवा. मॉडेलवर रंगाचा थर ०.१ मिलिमीटर जाड बसला, तर खऱ्या विमानावर तो ७.२ मिलिमीटरचा होईल. एवढ्या जाड रंगाचं विमान कुणी पाहिलंय का? म्हणजे "चांगला रंग" याचा एक अर्थ लगेच ठरला: जो पातळ थरातही पूर्ण झाकतो तो. घराच्या दाराला लावायचा ऑइलपेंट उत्तम असेलही, पण या कामाला तो जाड पडतो. "चांगला" हा शब्द कशासाठी हे सांगितल्याशिवाय वापरायचा नाही, ही पहिली शिकवण.

आधी पृष्ठभाग ओळखा

बहुतेक मॉडेल पॉलिस्टायरीनची असतात. सीडीची कडक पारदर्शक डबी याच प्लॅस्टिकची, आणि थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात ६ हा आकडा असेल तर ते पॉलिस्टायरीन.

त्रिकोणात २, ४ किंवा ५ असेल तर ते पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन. हे चिकटवायला फार हट्टी. त्यांची पृष्ठऊर्जा कमी असते, त्यामुळे कुठलाही द्रव त्यांच्यावर नीट पसरत नाही, थेंब होऊन बसतो. अळूच्या पानावर पाणी कसं घरंगळतं, काहीसं तसं. जो गोंद पृष्ठभागावर पसरलाच नाही तो धरणार कसा? आर्किटेक्चरची मुलं जी मॉडेल करतात त्यात अ‍ॅक्रिलिक शीट असते, ते तिसरंच प्लॅस्टिक. थोडक्यात, "प्लॅस्टिकला कोणता गोंद" हा प्रश्न अर्धवट आहे. कुठलं प्लॅस्टिक, हे आधी.

आणखी एक. साच्यातून भाग सहज सुटावेत म्हणून कारखान्यात कधी कधी तेलकट पदार्थ वापरतात, त्याचा अंश भागांवर राहतो. वर आपल्या बोटांचं तेल. म्हणून जोडण्याआधी भाग कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण टाकून धुवायचे आणि पूर्ण वाळवायचे. हे केलं नाही तर पुढे सांध्याने दगा दिला तेव्हा दोष गोंदाचा की तेलाचा, हे कळणारच नाही. संशोधनाच्या भाषेत याला गोंधळात टाकणारा चल म्हणतात.

चार गोंद, चार वेगळ्या यंत्रणा

दुकानात चारही "गोंद" म्हणूनच मिळतात, पण आत घडणारी गोष्ट पूर्ण वेगळी असते.

पहिला, द्रावक गोंद. मॉडेलवाले याला सिमेंट म्हणतात. खरं तर यात चिकटणारं असं फारसं काही नसतं. तामिया या जपानी कंपनीच्या पातळ सिमेंटमध्ये मुख्यतः अ‍ॅसिटोन आणि ब्युटिल अ‍ॅसिटेट असतं. ते दोन्ही भागांचा पृष्ठभाग मऊ करतं. मग दोन्हीकडच्या पॉलिमरच्या लांब साखळ्या एकमेकांत शिरतात, गुंततात. द्रावक उडून गेला की उरतं ते सलग प्लॅस्टिक. म्हणजे हे चिकटवणं कमी आणि वेल्डिंग जास्त. या लांब साखळ्या गर्दीतून सापासारख्या सरकत कशा वाट काढतात, याचा सिद्धान्त फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी १९७१ मध्ये मांडला. त्यांना १९९१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

इथे मिश्रणातलं शहाणपण बघा. अ‍ॅसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळतं, ब्युटिल अ‍ॅसिटेट साधारण १२६ अंशांना. एक पटकन उडतं, दुसरं रेंगाळतं. सगळंच पटकन उडालं तर साखळ्यांना गुंतायला वेळ मिळणार नाही, आणि सगळंच रेंगाळलं तर भाग मऊ पडून वाकडे होतील. सांधा हाताला दोन-तीन मिनिटांत घट्ट वाटला तरी आतला द्रावक बाहेर पडायला बराच वेळ लागतो. म्हणून घासकाम दुसऱ्या दिवशी.

यंत्रणा कळली की नियम पाठ करावे लागत नाहीत. रंगवलेले भाग सिमेंटने का जोडत नाहीत? मध्ये रंगाचा थर असेल तर साखळ्या साखळ्यांना भेटणार कशा? म्हणून सांध्यावरचा रंग आधी खरवडून काढायचा.

दुसरा, सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे आपलं फेविक्विक. याचे छोटे रेणू हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने पेटून उठतात आणि काही सेकंदांत पॉलिमर तयार होतो. धातू, रेझिन, प्लॅस्टिक असं वेगवेगळं जोडायला हा बरा. पण सांधा ठिसूळ: सरळ ओढलं तर टिकतो, सोलल्यासारखं ओढलं तर सुटतो. याच्या वाफा जवळच्या पारदर्शक भागावर बसून पांढरी पुटं धरतात, म्हणून वैमानिकाच्या डोक्यावरची काच यानं जोडू नये. आणि हा कापसावर सांडू देऊ नका. कापसाबरोबर इतक्या वेगाने उष्णता तयार होते की चटका बसतो.

तिसरा, इपॉक्सी, म्हणजे अ‍ॅराल्डाइटसारखा दोन नळ्यांचा. रेझिन आणि हार्डनर एकत्र केले की रासायनिक जाळं तयार होतं. काही उडून जायचं नसतं, त्यामुळे हा आकसत कमी आणि फट चांगली भरतो. धातूचं वजन किंवा चाकाचा दांडा बसवायला योग्य.

चौथा, पांढरा फेव्हिकॉल. पाण्यात तरंगणारे पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचे बारीक कण. पाणी गेलं की कण एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो. लाकूड, कागद पाणी शोषतात म्हणून तिथे हा पक्का बसतो. प्लॅस्टिक शोषत नाही, म्हणून पंख याने जोडले तर सुटणार. पण मिग-२१ ची ती पारदर्शक काच जोडायला हाच सगळ्यात सुरक्षित! तो प्लॅस्टिकला खात नाही, वाळल्यावर पारदर्शक होतो, आणि वाकडं बसलं तर ओल्या कपड्याने पुसून पुन्हा लावता येतं. जो गोंद पंखासाठी नापास तोच काचेसाठी पहिला. "सर्वांत चांगला गोंद" असं काही नसतं, हे यावरून पटावं.

एका आकड्यात उत्तर सापडेल का?

कुठला द्रावक कुठलं प्लॅस्टिक विरघळवेल, याचा अंदाज आधीच बांधता येतो. त्यासाठी विद्राव्यता प्राचल नावाची राशी आहे, ती हिल्डेब्रँड यांच्या नावाने ओळखतात. पदार्थाचे रेणू एकमेकांना किती घट्ट धरून आहेत, याचं ते माप. ज्यांचे आकडे जवळजवळ तेच, ते एकमेकांत मिसळण्याची शक्यता जास्त. काही आकडे बघा (एकक सगळीकडे मेगापास्कलचं वर्गमूळ, आकडे जवळपासचे):

- पॉलिस्टायरीन: १८.५
- टोल्युईन: १८.२
- इथिल अ‍ॅसिटेट: १८.२
- ब्युटिल अ‍ॅसिटेट: १७.४
- अ‍ॅसिटोन: २०
- आयसोप्रॉपिल अल्कोहोल: २३.५
- इथेनॉल: २६.५
- पाणी: ४७.८

टोल्युईन आणि अ‍ॅसिटेट पॉलिस्टायरीनच्या अगदी शेजारी. अल्कोहोल लांब, पाणी तर दुसऱ्या गावात. म्हणूनच मॉडेल पाण्याने किंवा आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसता येतं, पण हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर लावला की पृष्ठभाग वितळतो. एनसी थिनरमध्ये टोल्युईन, अ‍ॅसिटेट असले जोरकस द्रावक असतात. दुकानात नुसतं "थिनर द्या" म्हणू नका, कुठला थिनर ते सांगा.

आता गंमत. अ‍ॅसिटोनचा आकडा २०, फार लांब नाही. तरी शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये कडक पॉलिस्टायरीन नीट विरघळून स्वच्छ द्रावण होत नाही, ते फुगून चिकट गोळा होतो. थर्माकोल अ‍ॅसिटोनमध्ये टाकलं की खाली बसतं, ते मुख्यतः आतली हवा निघून गेल्यामुळे. एका आकड्याचा नियम इथे अडखळतो.

हे अडखळणं महत्त्वाचं आहे. चार्ल्स हॅन्सन यांनी या एका आकड्याचे तीन भाग केले: रेणूंमधलं साधं आकर्षण, ध्रुवीयता आणि हायड्रोजन बंध. हे काम म्हणजे त्यांचा कोपनहेगनमधला डॉक्टरेटचा प्रबंध, साल १९६७. आज रंग-उद्योगात द्रावक निवडताना हॅन्सन प्राचलं सर्रास वापरतात. म्हणजे एका नियमाला न जुळणारी उदाहरणं कुणीतरी बाजूला न टाकता नीट मांडली आणि त्याचा प्रबंध झाला. साहित्याचा आढावा घेताना "नियम कुठे चालत नाही" याची वेगळी वही ठेवा, असं मी नेहमी सांगते ते याचसाठी.

रंगांचं काय?

प्रत्येक रंगात तीन गोष्टी असतात: रंगद्रव्य, ते धरून ठेवणारा बंधक, आणि दोघांना वाहून नेणारा द्रव. मॉडेलसाठी निवड करताना मुख्य फरक तिसऱ्या गोष्टीचा.

पाण्यावरचे अ‍ॅक्रिलिक: स्पेनच्या व्हायेहोसारखे. वास कमी, प्लॅस्टिकला निरुपद्रवी, पण गुळगुळीत पृष्ठभागावर पकड कमी. आधी प्रायमर हवाच. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिनचे अ‍ॅक्रिलिक रंग आपल्याकडे सहज मिळतात. ते चित्रासाठी बनवलेले आहेत, म्हणून पातळ करून, प्रायमरवर, दोन-तीन थरांत लावायचे.

इनॅमल: ब्रिटनच्या हम्ब्रॉलसारखे. पातळ करायला टर्पेंटाइन किंवा व्हाइट स्पिरिट. हे नुसते वाळत नाहीत, तर हवेतला ऑक्सिजन घेऊन त्यांच्या रेणूंचं जाळं तयार होतं. त्यामुळे हाताला कोरडे लागले तरी आतून पक्के व्हायला दिवस लागतात.

लॅकर: जोरकस द्रावकातले. प्लॅस्टिकला किंचित खाऊन घट्ट धरतात, झटपट वाळतात. स्प्रेच्या डब्यांत बहुतेक हेच असतात. जवळून, ओला थर मारला तर बारीक रेषा बुजतात.

थरांचा क्रम यातूनच ठरतो. वरच्या थराचा द्रव खालच्या थराला विरघळवणारा नको. म्हणून सोयीचा क्रम असा: खाली लॅकर, त्यावर अ‍ॅक्रिलिक, सगळ्यात वर इनॅमलचे पातळ हात. उलट केलं, ओल्या इनॅमलवर लॅकर मारलं, तर खालचा थर सुरकुततो.

चकाकीचंही कारण ऐका. मॅट रंगात बंधकाच्या मानाने रंगद्रव्य जास्त, त्यामुळे पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत. त्यावर हवाई दलाच्या चक्राचं डेकल चिकटवलं तर खाली हवा अडकते आणि डेकल चंदेरी दिसतं. म्हणून आधी ग्लॉस वार्निश, मग डेकल, मग शेवटी मॅट वार्निश.

आता आपल्या हवेचा मुद्दा. परदेशी व्हिडिओत सांगितलेलं प्रमाण इथे जसंच्या तसं चालत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर आणि हवा कोरडी. स्प्रे केलेल्या अ‍ॅक्रिलिकचे थेंब मॉडेलवर पोचेपर्यंतच अर्धे वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. उपाय: सकाळी लवकर काम, थोडा रिटार्डर. जुलै-ऑगस्टमध्ये उलटं. लॅकरचा द्रावक भराभर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. रंग तोच, डबी तीच, महिना बदलला आणि निकाल बदलला. म्हणून प्रयोगवहीत तारखेबरोबर तापमान आणि आर्द्रता लिहायची सवय आत्तापासून लावा.

सुरक्षेचं एक वाक्य नव्हे, परिच्छेद. आपल्याकडे अ‍ॅक्रिलिक शीट जोडायला सर्रास क्लोरोफॉर्म वापरतात. तो यकृताला घातक आहे, आणि उजेडात, हवेत उघडा राहिला तर त्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. प्रयोगशाळेत आपण तो फ्यूम हुडशिवाय उघडत नाही, मग होस्टेलच्या बंद खोलीत कशाला? कुठलाही द्रावक गोंद किंवा लॅकर वापरताना खिडकी उघडी, जवळ ज्योत नाही, आणि साध्या कापडी मास्कवर भरवसा नाही. तो धूळ अडवतो, वाफ अडवत नाही.

हीच निवड, पण भिंत अजिंठ्याची

आत्तापर्यंत चुकीची किंमत एका मॉडेलपुरती होती. आता तोच प्रश्न, पण पृष्ठभाग दीड हजार वर्षांपूर्वीचा.

अजिंठा आपल्या शहरापासून साधारण १०० किलोमीटर. तिथल्या चित्रांची रचना थर-थर बघा. सगळ्यात आत बेसॉल्टचा खडक. त्यावर मातीचा गिलावा, त्यात वनस्पतींचे तंतू, भाताचं तूस वगैरे. त्यावर पांढरा पातळ हात. त्यावर रंग: लाल-पिवळी गेरू, हिरवी माती, काजळी, आणि बाहेरून आणलेला निळा लाजवर्द. बंधक म्हणून सरस किंवा डिंकासारखा सेंद्रिय पदार्थ. ओल्या चुन्यावर काढलेली ही खरी फ्रेस्को चित्रं नव्हेत, कोरड्या पृष्ठभागावरची आहेत. म्हणजे रंग भिंतीत मुरलेला नाही, सरसाच्या जोरावर वर बसलेला आहे. पाण्याला, ओलाव्याला नाजूक.

१८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी चित्रांच्या नकला करत होते. चित्र नीट दिसावं म्हणून त्यांनी काही मूळ चित्रांवर वार्निश लावलं. पुढे अजिंठा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या काळात, १९२० ते १९२२ दरम्यान, लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ बोलावले गेले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा धरून ठेवला, ते काम गरजेचंच होतं. पण चित्रांवर शेलॅकचा थरही बसला.

शेलॅक म्हणजे आपली चपडा लाख. सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून फर्निचरला पॉलिश करतात तीच. ताजी असताना ती अल्कोहोलमध्ये सहज विरघळते, म्हणजे वाटतं की नको झाली तर काढता येईल. पण काळ गेला की तिचे रेणू आपसात बंध बांधत जातात. ती पिवळसर, मग काळपट होते, आणि स्पिरिटलाही दाद देईनाशी होते. खाली सरसातला नाजूक रंग, वर हट्टी झालेली लाख. जोरकस द्रावक वापरावा तर खालचं चित्र धोक्यात, सौम्य वापरावा तर लाख हलत नाही. मॉडेलच्या थरांचा जो नियम वर पाहिला, त्याचीच ही कोंडी. स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना हे थर चित्रांवरून काढण्याचं काम वर्षानुवर्षं, इंचाइंचाने करावं लागलं.

त्या काळात तज्ज्ञांनी उपलब्ध असलेली वस्तू वापरली. आपण घ्यायचा धडा असा की "आज चिकटतं का, आज छान दिसतं का" एवढंच मोजलं तर निवड अपुरी राहते. "५० वर्षांनी हे काढता येईल का" हेही मोजावं लागतं. म्हणून आज जतनाच्या क्षेत्रात पॅरालॉइड बी-७२ नावाचं अ‍ॅक्रिलिक रेझिन फार वापरतात. सांध्याच्या ताकदीत त्याच्यापेक्षा सरस गोंद बरेच आहेत. पण ते वर्षं उलटली तरी अ‍ॅसिटोनमध्ये पुन्हा विरघळतं, आणि तिथे तोच गुण मोलाचा. मॉडेलच्या पंखाला कायमचा सांधा हवा, भिंतीवरच्या चित्राला परतीची वाट हवी.

आपल्या भागात या विषयावर चांगलं काम झालंय, हेही माहीत असू द्या. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे राजदेव सिंग आणि आपल्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अवशेष असल्याचं दाखवलं. तो लेख २०१६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. पद्धत बघण्यासारखी: जुन्या गिलाव्यातले तंतू आणि आजच्या ताज्या झाडाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली आणि अवरक्त वर्णपटाने शेजारी शेजारी ठेवून तपासले. ताज्या झाडाचा तो नमुना म्हणजेच तुलनेचा आधार. त्याशिवाय "हे भांगेसारखं दिसतं" एवढंच म्हणता आलं असतं.

आता तुमचा प्रयोग

हे सगळं वाचून सोडून देऊ नका. २००-३०० रुपयांत घरी होणारा प्रयोग सांगते. मोठ्या सिनॉप्सिसचा सगळा सांगाडा यात आहे.

प्रश्न: पॉलिस्टायरीनच्या सांध्याची ताकद गोंदाच्या प्रकारानुसार बदलते का?

१. जुन्या सीडीच्या डब्यांमधून १० मिलिमीटर रुंद पट्ट्या कापा. डोळ्यांना चष्मा लावा, हे प्लॅस्टिक तडकून उडतं.

२. साबणाने धुवा, एक दिवस वाळवा. सगळ्या पट्ट्यांना हीच वागणूक.

३. दोन पट्ट्या एकमेकींवर ३ मिलिमीटर ठेवून जोडा. सांध्याचं क्षेत्रफळ झालं ३० चौरस मिलिमीटर.

४. प्रत्येक गोंदाचे किमान पाच नमुने. कुठला नमुना आधी करायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर पहिल्या गोंदाला तुमचा अनाडी हात आणि शेवटच्याला सराईत हात मिळेल, आणि श्रेय गोंदाला जाईल.

५. ४८ तास थांबा. मग वरची पट्टी पक्की धरून खालच्या टोकाला बादली टांगा आणि मगाने सावकाश पाणी ओता. सांधा तुटला की बादलीसकट वजन करा. बादली जमिनीपासून वीतभरच वर असू द्या, पाय बाजूला.

६. हिशेब: समजा एकूण वजन ६ किलो भरलं. बल ६ × ९.८ म्हणजे जवळपास ५९ न्यूटन. भागिले ३० चौरस मिलिमीटर, म्हणजे साधारण २ मेगापास्कल. (हा आकडा फक्त हिशेबासाठी, निकाल तुमचा तुम्ही काढा.)

७. सगळ्यात महत्त्वाचं: कुठे तुटलं ते लिहा. गोंद पट्टीवरून सुटला, गोंदाचा थर मधूनच फाटला, की शेजारची पट्टीच मोडली? पट्टी मोडली असेल तर तुम्ही गोंदाची ताकद मोजलेलीच नाही, पट्टीची मोजलीय. मग तो आकडा "किमान एवढी" असा लिहायचा.

पाचही नमुन्यांची सरासरी आणि त्यांच्यातला फरक दोन्ही द्या. एका नमुन्यावर "हाच बेस्ट" म्हणणं व्हिडिओवाल्यांना शोभतं, आपल्याला नाही. आणि हाच प्रयोग मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये केलात, तर आर्द्रता हा दुसरा चल आपोआप मिळतो.

आता सुरुवातीचा प्रश्न पुन्हा लिहू. "प्लॅस्टिकला कोणता गोंद चांगला?" याऐवजी: "साबणाने धुतलेल्या पॉलिस्टायरीनच्या ३ मिलिमीटर सांध्यात, ४८ तासांनंतर, द्रावक गोंद आणि सायनोअ‍ॅक्रिलेट यांच्या तुटण्याच्या ताकदीत फरक असतो का?" वाक्य लांबलं, पण आता ते तपासता येतं. आणि "फरक नाही" असं उत्तर आलं तरी ते उत्तरच आहे.

मुलाखतीला जाण्याआधी तुमचा स्वतःचा विषय घ्या आणि त्याच्याबाबतीत चार ओळी लिहून काढा: पृष्ठभाग कोणता, म्हणजे काम कशावर, काय बदलणार, काय मोजणार, आणि निवड चुकली तर परत फिरता येईल का. चौथी ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत. तुम्ही लिहा. समितीने त्यावर विचारलं, तर अजिंठ्याची ती लाख आठवा आणि निवांतपणे उत्तर द्या.